फिरत्या बाईंचा वार

ऊन एकदाचं पडलं तेव्हा दोरवाल्याच्या बायकोने घासायला घेतलेलं भांडं तसंच टाकलं आणि अंगणात धाव घेतली. घायपाताची पानं कुजवून, आपटून, धुऊन काढलेला वाख कित्येक दिवस छपराखाली कोंदट वास मारत पडला होता. ओला वाख वळला की दोर आतून काळा पडतो, आणि धक्क्यावरचे नावाडी तसला दोर हातातसुद्धा घेत नाहीत. नदी चढायच्या आत त्यांना नावा बांधायला नवे दोर हवे होते. रोज कोणी ना कोणी कुंपणापाशी येऊन विचारून जायचा, "झाले का?"

"आलास का बाबा?" आत्या सूर्याकडे बघून म्हणाली. "आम्हाला वाटलं, तुलाही सुट्टी लागली."

आत्या म्हणजे दोरवाल्याची थोरली बहीण. नवरा लवकर गेला आणि ती भावाकडे आली ती कायमची. दोर वळण्याचं चाक तीच फिरवायची. पण ओल धरली की तिचा उजवा खांदा आखडायचा, आणि यंदा तर तो वेणी घालायलाही वर जात नव्हता.

"वन्सं, तुम्ही बसा. मी फिरवते," बायको म्हणाली.

"तू फिरवलंस तर वाख कोण विंचरणार? माझा बाप?"

दोरवाल्याने कमरेला वाखाचा गठ्ठा बांधला, टोक काढून चाकाच्या आकड्यात अडकवलं आणि चाकाकडे तोंड करून तो मागे मागे चालू लागला. आत्याने डाव्या हाताने दांडा धरला. चाक फिरलं, आकडा फिरला, दोरवाल्याच्या बोटांतून वाख सुटत गेला आणि त्याला पीळ चढत गेला. ओढ्याच्या कडेने ही लांब, सरळ पट्टी होती; एका टोकाला चाक, दुसऱ्या टोकाला चिंच. चिंचेपर्यंत पोचलेल्या माणसाची हाक चाकापर्यंत नीट येत नाही. म्हणून सगळं काम हातावर चालायचं. मनगट गोल फिरवलं की जोरात. तळवा खाली दाबला की हळू. मूठ दाखवली की थांब. दोन बोटं फाकवली की पदर, म्हणजे वळला जाणारा धागा, तुटला. हात छातीकडे ओढला की ये.

एवढ्या पाच खुणा. दोरवाल्याची मुलगी आठ वर्षांची होईपर्यंत तिच्याजवळ एवढीच भाषा होती.

तिला सगळे भिंगरी म्हणायचे. तिला ऐकू येत नव्हतं, जन्मल्यापासूनच. चाक मात्र ती आत्यापेक्षा चांगलं फिरवायची. बापाच्या हाताकडे बघत बसायची आणि त्याचं मनगट हलायच्या आत चाकाचा वेग बदलायची.

पण आज भिंगरी चाकाकडे फिरकली नव्हती. ती पाटी पोटाशी धरून उंबऱ्यावर बसली होती, केसांना तेल लावून.

वारांची नावं तिला ठाऊक नव्हती. पण आठवड्याच्या बाजाराला जाणाऱ्या गाड्या आदल्या संध्याकाळी घरासमोरून जायच्या. कोंबड्यांचे खुराडे, मडकी, कांद्याची पोती. जमीन थरथरली की भिंगरी बाहेर येऊन सगळ्या गाड्या जाईपर्यंत उभी राहायची. मग दुसऱ्या दिवशी फणी आणि तेलाची बाटली घेऊन आईसमोर येऊन बसायची. तो फिरत्या बाईंचा वार असायचा.

"जा घेऊन तिला," दोरवाला म्हणाला. "ऊन आहे तोवर मी आणि अक्का बघतो."

"बघतो म्हणे," आत्या म्हणाली. "बघायला डोळे लागतात, फिरवायला खांदा."

---

फिरत्या बाई गावोगाव फिरून ऐकू न येणाऱ्या मुलांना शिकवत. एका वारी एक गाव. या गावात त्यांची विद्यार्थिनी एकच होती. इतर दिवशी भिंगरी शाळेत गेली तरी मागच्या रांगेत बसून खडू खायची. मास्तरांचा नाइलाज होता, तिचाही. म्हणून ती शाळेत जायची ती याच दिवशी.

बाई कानात लांब लोंबती कर्णफुलं घालत. भिंगरीने पहिल्याच दिवशी त्यांना नाव ठेवलं होतं: कानाच्या पाळीखाली दोन बोटं हलवायची. झाल्या बाई.

आई दाराशी बसायची. आत बाई चित्र दाखवायच्या, हाताची खूण करायच्या, मग पाटीवर अक्षरं काढायच्या. पाणी. झाड. आई. दोर. ज्या दिवशी दोर समजला, त्या दिवशी भिंगरीने पाटीवरच्या अक्षरांना हात लावला, मग बाईंच्या हाताला, मग आपल्या फ्रॉकच्या कमरेला बांधलेल्या सुतळीला. आणि तिच्या तोंडून आवाज निघाला. कसला होता कोण जाणे, पण शेजारच्या वर्गातली मुलं वळून बघू लागली. घरी येऊन तिने चूल, बादली, चाक, कोंबडी, खाट अशा एकेका वस्तूला बोट लावलं आणि आईच्या हातांकडे बघितलं. आईला पाणी आणि दोर सोडून काही सांगता आलं नाही. ती रात्रीच्या भाकरी करताना रडली, आणि डोळ्यांत धूर गेला म्हणाली.

आज तास संपल्यावर बाई पिशवी भरता भरता म्हणाल्या, "हिला आज कळतं. काल आणि उद्या कळत नाही. पुढच्या खेपेला वार घेते. चित्रांचा तक्ता केलाय मी."

"एवढ्यात जमेल तिला?"

"न जमायला काय झालं? आणि ते आधी यायलाच हवं. मग तुम्ही तिला सांगू शकाल, बाई कधी येणार ते. आत्ता काय होतं, मी बसमध्ये चढले की ही समजते, बाई गेल्या. परत यायच्या का नाही, तिला काय ठाऊक? दर वेळी मी आले की कशी बघते, पाहिलंत ना?"

आईने पाहिलं होतं. भिंगरी दर वेळी आधी बाईंचा हात धरून बघायची, खरा आहे का म्हणून.

---

त्या संध्याकाळी थोरले काका आले. ते खालच्या आळीचे वडीलधारे. दोरवाल्याचं घर खालच्या आळीतलं, आणि दोर वळायची लांब पट्टीही काकांच्याच जागेत. पण काकांनी ती गोष्ट कधी तोंडातून काढली नव्हती. ते येऊन चिंचेखालच्या दगडावर बसले आणि वळलेल्या दोरावरून अंगठा फिरवत राहिले.

"छान उतरलाय."

"ऊन मिळालं आज," दोरवाला म्हणाला.

"नातीचं आठवत असेल तुला."

आठवत होतं. काकांची नात वर्गात पहिली यायची. गेल्या वर्षी शिष्यवृत्तीची परीक्षा नेमकी खालच्या आळीच्या मोठ्या दिवशी, त्यांच्या सणाला, ठेवली गेली. पोर परीक्षेला गेली नाही. वरच्या आळीच्या सणांना शाळा बंद असते; ती बंद ठेवा असं कोणाला सांगावंही लागत नाही, ती बंदच असते. खालच्या आळीची मुलं आपल्या दिवशी घरी राहिली की गैरहजर.

"मी भांडायला निघालो नाहीये," काका म्हणाले. "त्यांच्या सणाला सुट्टी नको, असं मी म्हणतच नाही. त्यांना आहे तशी आम्हाला द्या. एवढंच. उपासाचा महिना तोंडावर आलाय. महिनाभर प्रार्थनेच्या वारी शाळा बंद, आणि मोठ्या दिवशी बंद. चुकीचं आहे का?"

"नाही काका."

"परवा शाळेत बैठक आहे. आपण थोडे. एक जरी हात खाली राहिला तरी ते म्हणणार, बघा, यांच्यातच एकमत नाही. तू ये. हिलाही आण."

प्रार्थनेचा वार आणि फिरत्या बाईंचा वार एकच होता. बायको वाख विंचरत होती. तिचे हात थांबले. तिने नवऱ्याकडे बघितलं, पण तो दोराकडे बघत होता.

काका गेल्यावर आत्या म्हणाली, "माणूस खरं बोलतो, हीच तर पंचाईत आहे. खोटं बोलला असता तर भांडता आलं असतं."

---

बैठक शाळेच्या मोठ्या खोलीत होती. मुलांचे बाक लहान, त्यामुळे मोठी माणसं गुडघे छातीशी घेऊन बसली होती. डावीकडे वरची आळी, उजवीकडे खालची. कोणी सांगितलं नव्हतं, आपोआप तसं झालं. भिंगरीला घरी ठेवता येत नव्हतं, ती आईच्या मांडीशी बसून प्रत्येकाच्या ओठांकडे बघत होती.

काका बोलले. नातीचं नाव न घेता बोलले. गिरणीवाला वरच्या आळीतर्फे उठला. "आमची ना नाही," तो म्हणाला. "पण मग शाळा उघडी कधी असणार, तेवढं सांगा. तुमचे दिवस, आमचे दिवस, उन्हाळा, पावसाळा. माझी गिरणी याहून जास्त दिवस चालते." लोक हसले. काकाही हसले.

मग धाकटे मास्तर उठले. ते नवीन होते, बाहेरून आलेले. "मी एक सुचवू का?" ते म्हणाले. "शाळा सगळ्यांची आहे. तर ती कोणाच्याच सणाला बंद नको. ज्याला घरी राहायचंय त्याने राहावं. गैरहजेरी लावायची नाही, परीक्षा ठेवायची नाही. आणि ज्याला यायचंय त्याच्यासाठी शाळा उघडी."

दोन्ही बाजू एकदम उठल्या.

"म्हणजे आमचीपण सुट्टी काढणार?" गिरणीवाला.

"म्हणजे आमचा दिवस आणि रोजचा दिवस सारखाच?" काकांचा मुलगा.

"हे असलं शिकवता का पोरांना?"

इतकी वर्षं जे जमलं नव्हतं ते त्या एका सूचनेने जमलं. दोन्ही आळ्या एक झाल्या. धाकटे मास्तर कानापर्यंत लाल होऊन खाली बसले. हेडमास्तरांनी रुमालाने मान पुसली. "तर मग दोघांनाही सुट्टी," ते म्हणाले. "वर कळवायचं काम माझं. हरकत आहे कोणाची?"

दोरवाल्याची बायको उभी राहिली. ती चारचौघांत कधी बोलली नव्हती. पदराचं टोक तिने बोटाला गुंडाळलं आणि सोडलं.

"हरकत नाही," ती म्हणाली. "सुट्टी द्या. पण माझ्या मुलीच्या बाई त्याच वारी येतात. तेवढी एक खोली उघडी ठेवा. मी झाडून घेईन. किल्ली माझ्याकडे द्या, नाहीतर शिपायाकडे. आम्ही आवाज करणार नाही."

मागून कोणीतरी म्हणालं, "ती कुठून आवाज करणार?" आणि दोघं-तिघं हसले. दुष्टपणाने नव्हे, तोंडातून निघून गेलं. भिंगरीने हसणारी तोंडं पाहिली आणि तीही हसली.

"खोली उघडी म्हणजे शाळा उघडी," हेडमास्तर म्हणाले. "बाईंच्या हजेरीवर शिक्का मारायला मी हवा. मी आलो तर शिपाई हवा. मग सुट्टी कसली?"

"आणि तिच्यासाठी उघडते तर आमच्या पोरांसाठी का नाही, असं म्हणेल ना कोणी उद्या," गिरणीवाला म्हणाला. "बाई, तुमचं दुःख कळतं. पण एका पोरीसाठी गावाने किती अडून बसायचं?"

काका हळूच म्हणाले, "सूनबाई, महिन्याभराचा प्रश्न आहे. बाई काय पळून जातात?" आणि मग दोरवाल्याकडे वळून, तितक्याच हळू, "तू बोल बाबा. घरचा माणूस तू."

सगळे दोरवाल्याकडे बघू लागले. तो लहानशा बाकावर अवघडून बसला होता. त्याच्या हातांना वाखाने पडलेल्या चिरा होत्या, त्यातल्या एकीतून थोडं रक्त येत होतं. तो ते अंगठ्याने पुसत राहिला.

"काका म्हणतात तसं," तो म्हणाला.

मग हात वर करायला सांगितलं गेलं. खालच्या आळीचा एकही हात खाली राहिला नाही, एका बाईचा सोडून. पण बायका मागे बसल्या होत्या, आणि तो कोणी मोजला नाही. वरच्या आळीचेही बहुतेक हात वर होते. शेवटी गिरणीवाल्याने उठून काकांना मिठी मारली. गावात इतका सलोखा लोकांनी कधी पाहिला नव्हता. म्हातारे डोळे पुसत होते.

---

घरी येताना भिंगरी पुढे उड्या मारत चालली होती.

"तुम्ही हात वर केलात," बायको म्हणाली.

"हो."

"मी बोलल्यावर."

"अगं, सगळे बघत होते."

"माहीत आहे. मीपण बघत होते."

ओढ्यापाशी आल्यावर दोरवाला थांबला. "मी तिसरीत होतो," तो म्हणाला. "उपासाचा महिना होता. घरचे म्हणाले, गैरहजेरी नको, जा. मी गेलो. तेव्हाच्या मास्तरांना कोणीतरी सांगितलं, याने उपास धरलाय. त्यांनी मला पुढे बोलावलं. पाण्याचा पेला हातात दिला. म्हणाले, पी. शाळेत असले लाड नाहीत. मी प्यायलो. सगळा वर्ग हसत होता."

बायकोने त्याच्याकडे बघितलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, हे तिने पहिल्यांदा ऐकलं.

"मग?"

"मग काय. दुसऱ्या दिवशीपासून चाकावर बसलो. काका तेव्हा आमच्याकडून शाळेत जाऊन भांडले होते. एकटेच." तो थांबला. "त्या दिवशी शाळा बंद असती, तर."

"आणि आता उघडी हवी आहे."

"हो ना. आता दोन्ही कुठल्या तोंडाने मागू?"

तिला राग आला होता, पण तो कोणावर काढावा ते कळेना.

---

दुसऱ्या दिवशी ती हेडमास्तरांकडे गेली आणि त्यांच्या फोनवरून बाईंशी बोलली. बाईंच्या बसमध्ये गलका होता. वार बदलता येत नाही, बाई म्हणाल्या, बाकीचे वार बाकीच्या गावांचे. घरी येऊन शिकवलं तर तास धरत नाहीत, शाळेचा शिक्का लागतो. "मी कार्यालयात विचारते," त्या म्हणाल्या. "तुम्ही काळजी करू नका. नाहीच जमलं तर..." आणि फोन तुटला; बस बहुधा घाटात शिरली.

उपासाचा महिना सुरू झाला. ऊन चांगलं पडत होतं. धक्क्यावरून निरोप आला, पाणी वाढतंय. दोरवाला उपाशीपोटी दिवसभर मागे मागे चालायचा. दुपारनंतर त्याच्या पोटऱ्या थरथरायच्या आणि ओठांवर पांढरी पूड धरायची. आत्याचा खांदा पूर्ण आखडून बसला. तिने हात फडक्यात गळ्याशी बांधला आणि चाकाशेजारी बसून ती सूचना देऊ लागली, ज्या कोणाला नको होत्या. चाक भिंगरीकडे आलं.

बाजाराच्या गाड्या गेल्या. सकाळी भिंगरी फणी घेऊन आईसमोर बसली.

आईने केस विंचरले. न विंचरून काय करणार? मग पोरीने पाटी घेतली, तेव्हा आईने मान हलवली. नाही. भिंगरीने कानाखाली बोटं हलवली. बाई. आईने पुन्हा मान हलवली. भिंगरीला वाटलं, आई विसरली. तिने रस्त्याकडे बोट दाखवलं, दोन्ही हातांनी गाडीची चाकं फिरवली, जमीन थरथरल्यासारखी अंग हलवून दाखवलं. गाड्या गेल्या ना काल!

"काय सांगू गं तुला," आई म्हणाली. सुट्टी कशी सांगायची? महिना कसा सांगायचा? ज्या दिवसापुढे दुसरा दिवस आहे, तो कसा दाखवायचा?

"मूठ दाखव," आत्या म्हणाली.

"थांब म्हणून सांगू? किती वेळ थांब?"

काकांच्या घरून बोलावणं आलं होतं, आज तरी पोरीला घेऊन प्रार्थनेला या, तिच्यासाठीही मागू. आईने भिंगरीचा हात धरला आणि तिला खालच्या प्रार्थनाघरात नेलं. भिंगरी पाटी घेऊनच गेली. सगळ्यांनी डोळे मिटले, ओठ हलवले. भिंगरी उघड्या डोळ्यांनी एकेका बाईचे कान बघत होती.

परतताना बसथांब्यावरच्या चहावालीने हाक मारली. "अगं, ती कर्णफुलंवाली येऊन गेली की! शाळेला कुलूप बघून पायरीवर बसली होती केवढा वेळ. मी म्हटलं, आज खालच्या आळीची सुट्टी. तर म्हणाली, मला वाटलं मुलगी तरी येईल. हातात तक्ता होता गुंडाळलेला. आत्ताच गेली, ती काय धूळ दिसतेय."

आईने रस्त्याकडे बघितलं. भिंगरीनेही बघितलं. तिला तिथे फक्त रस्ता दिसला.

पुढच्या आठवड्यात आईने काकांकडचं बोलावणं डोकं दुखतंय म्हणून टाळलं आणि सकाळपासून पोरीला घेऊन शाळेच्या पायरीवर जाऊन बसली. बस आली. एक म्हातारा उतरला, एक शेळी उतरली. बाई उतरल्या नाहीत. बंद शाळेत दुसऱ्यांदा कोण येईल? भिंगरी फाटकाचे गज धरून उभी राहिली. दुपारी दोरवाला स्वतः शोधत आला. धक्क्यावरचा माणूस येऊन बसला होता, आणि चाकाला कोणी नव्हतं. त्याने मुलीला उचललं. तिने हातपाय झाडले नाहीत. त्याच्या खांद्यावरून ती फाटकाकडे बघत राहिली.

---

महिना संपला. मोठा दिवस झाला. वरच्या आळीचे लोक खालच्या आळीत येऊन गळाभेट घेऊन गेले. काकांची नात नवे कपडे घालून दोरवाल्याकडे आली आणि तिने भिंगरीच्या केसांत रिबीन बांधली.

त्यानंतर बाजाराच्या गाड्या गेल्या. सकाळी आई आणि भिंगरी शाळेत गेल्या. फाटक उघडं होतं. मुलं पाढे म्हणत होती. भिंगरी धावत तिच्या खोलीत गेली आणि बाकावर बसली, पाटी पुढ्यात ठेवून.

हेडमास्तरांनी आईला बाहेर बोलावलं. "काल कार्यालयातून कळवलंय," ते म्हणाले. "लागोपाठ तास रिकामे गेले ना, म्हणून गाव फेरीतून काढलं. पलीकडच्या गावाची मागणी पडूनच होती, त्यांना हा वार दिला. तिथे चार मुलं आहेत म्हणे."

"मग आता?"

"नव्या वर्षी पुन्हा मागू. मी लिहीन. मी तेव्हाच म्हणालो होतो, अडचण होईल."

"तुम्ही म्हणाला नव्हतात, गुरुजी."

हेडमास्तरांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. "हिची गैरहजेरी मात्र लागलेली नाही हं," ते म्हणाले. "सुट्टीच्या दिवसांची लागत नाही."

आई खोलीत गेली. भिंगरी दाराकडे तोंड करून बसली होती. आई तिच्या शेजारी लहानशा बाकावर बसली, आणि शाळा सुटेपर्यंत दोघी तशाच बसून राहिल्या.

ही बातमी काकांना कळली तेव्हा ते लगेच आले. चिंचेखाली उभे राहिले, बसले नाहीत. "असं होईल असं वाटलं नव्हतं रे," ते म्हणाले. "मी जाऊ का कार्यालयात? जातो. ऐकत नाहीत म्हणजे काय?" ते खरोखरच गेले, दोन बस बदलून. तिथे त्यांना कोणीतरी खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि नव्या वर्षी मागणी करा असं सांगितलं.

---

पुढे काही आठवडे गाड्या गेल्या की भिंगरी फणी घेऊन बसायची. आई विंचरायची. मग पोर एकटीच फाटकापर्यंत जायची, बस बघायची आणि परत येऊन चाकाशी बसायची.

एका संध्याकाळी गाड्या गेल्या, तेव्हा ती बाहेर आली नाही. आत्याने तिचा हात जमिनीला लावून दाखवला. भिंगरीने हात काढून घेतला.

सकाळी ती केस न विंचरता थेट पट्टीवर आली. नदी चढली होती. शेवटचा मोठा दोर उरला होता. बापाने कमरेला गठ्ठा बांधला, टोक आकड्यात अडकवलं, आणि तो मागे मागे चालू लागला. भिंगरी चाक फिरवत होती. तो अर्ध्याच्या पुढे गेला, चिंचेच्या सावलीत शिरला, आणि चाक मंदावलं.

त्याने मान वर केली. भिंगरीने एक हात दांड्यावरून काढला होता. ती त्याच्याकडे बघत होती. दोन बोटं तिने कानाच्या पाळीखाली नेली, हलवली, आणि मग रिकामा तळवा पुढे धरला.

ही एक खूण त्याला कळत होती. बाई. कुठे?

तो उभा राहिला. त्याच्या दोन्ही हातांत वाख होता, आणि हातांत सांगण्यासारखं होतं ते एवढंच: जोरात, हळू, थांब, तुटलं, ये. त्याने एकेक खूण मनात करून बघितली. एकही चालत नव्हती. चिंच हलत होती. त्याच्या आणि मुलीच्या मध्ये ताणलेला पदर सैल पडू लागला, चढलेला पीळ उलटा फिरू लागला, आणि चाकाजवळून आत्या ओरडत होती, "अरे, पीळ जातोय! काय बघतोयस?"

भिंगरीचा तळवा तसाच पुढे होता.

दोरवाल्याने हात वर नेला आणि मनगट गोल फिरवलं.

तिने थोडा वेळ त्याच्या हाताकडे बघितलं. मग दोन्ही हातांनी दांडा धरला. चाक फिरू लागलं, पदर ताणला गेला, आणि तो तिच्याकडे तोंड करून मागे मागे जात राहिला.